माती घातली तरी चैत्रात पांढरी वाइन गढूळ का होते?

समस्या ओळखीची आहे. द्राक्षांचा हंगाम मार्च-एप्रिलात आटोपतो, पांढरी वाइन जून-जुलैपर्यंत निवळते आणि पावसाळ्यात बाटलीत जाते. त्या वेळी बाटलीपलीकडे धरलेल्या कागदावरची अक्षरे स्वच्छ वाचता येतात. दिवाळी जाते, नाताळ जातो, तक्रार नसते. होळी उलटून ऊन चढले की दुकानदारांचे फोन सुरू होतात; कधी अथणीहून, कधी निपाणी-चिकोडीहून. बाटलीत धुरकटपणा आला आहे, तळाशी हलका पांढुरका साका आहे. वास बिघडलेला नाही, प्यायला अपायही नाही, पण गिऱ्हाईक बाटली परत आणून देते. वाइनरीत विचारले तर उत्तर ठरलेले असते: "माती घातलोय की ओ! गेल्या वर्षी घातलेली तेवढीच घातलोय."

त्या 'तेवढीच' मध्येच बहुतेक वेळा दुखणे सापडते. ही माती म्हणजे वाइन निवळायला घालतात ती बेंटोनाइट नावाची चिकणमाती, आणि तिचा डोस गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवायचा नसतो. तो त्या लॉटचा, त्या पीएचचा आणि हातात असलेल्या मातीच्या पोत्याचा असतो. बाटलीत जी वाइन जाणार, तिच्यावरच तो तपासून घ्यावा लागतो. सीमाभागातल्या छोट्या परवानाधारक वाइनऱ्यांची कामे पाहताना ही तक्रार दर उन्हाळ्यात समोर येते, म्हणून ती मुळापासून कशी शोधायची आणि कशी थांबवायची ते इथे सविस्तर लिहितो.

आधी खात्री: हा प्रथिनांचाच गढूळपणा आहे का?

गढूळ दिसले की माती घालायची, ही सवय घातक आहे. गढूळपणाची कारणे अनेक असतात आणि त्यातल्या निम्म्यांवर माती चालत नाही.

तळाशी टोकदार, चमकणारे कण असतील, बाटली हलवल्यावर ते झटकन खाली बसत असतील आणि गरम पाण्यात विरघळत असतील, तर ते टार्टरेटचे स्फटिक आहेत. ते थंडीत बनतात. फ्रीजमध्ये राहिलेल्या बाटलीत स्फटिक आणि उन्हात तापलेल्या बाटलीत धुरकटपणा, हा साधा फरक बऱ्याचदा पुरतो. बाटली उघडताना फसफसली, यीस्टचा वास आला, वाइन किंचित गोड असली, तर आत यीस्ट पुन्हा जागे झाले आहे. तिथे गाळणीचा आणि सल्फर डायऑक्साइडचा हिशोब तपासायचा. दुकानाच्या काचेत उजेडात उभ्या असलेल्या बाटलीत तांबूस-तपकिरी छटेचा गढूळपणा आला आणि बाटली उघडून हवा लागल्यावर तो कमी झाला, तर संशय तांब्याचा. तोडणीच्या फार जवळ मारलेले मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण किंवा पितळेचे जुने जोड आणि नळ तिथे आधी बघावेत.

प्रथिनांचा गढूळपणा ओळखायची खात्रीची वाट एकच. त्याच लॉटची अजून स्वच्छ असलेली बाटली घ्या आणि तिच्यातला नमुना तापवून बघा. ८० अंश सेल्सिअसवर २ तास ठेवून थंड केल्यावर ती वाइन धुरकट झाली, तर गुन्हेगार सापडला. ही चाचणी नीट कशी करायची ते पुढे येईल, कारण सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

द्राक्षात काय असते, माती काय करते

द्राक्षाचा मणी पाणी भरून मऊ पडू लागला की त्याच्यात बुरशीपासून बचाव करणारी प्रथिने साठायला लागतात. त्यातले दोन गट आपल्याला त्रास देतात: कायटिनेज आणि थॉमॅटिनसारखी प्रथिने. रसातली बाकीची बरीच प्रथिने किण्वनात तुटतात किंवा खाली बसतात. ही मात्र आम्ल, अल्कोहोल आणि यीस्टची एन्झाइम या सगळ्यांना पुरून उरतात. थंड तळघरात ती वर्षानुवर्षे वाइनमध्ये विरघळून शांत राहतात. ऊन लागले की त्यांची घडी उलगडते, उलगडलेली प्रथिने एकमेकांना आणि वाइनमधल्या टॅनिनसारख्या पॉलिफेनॉलना चिकटतात, सल्फेटही त्यात हातभार लावते, आणि डोळ्यांना दिसेल एवढ्या आकाराचे कण तयार होतात. दोघांत कायटिनेज जास्त नाजूक. ३५ ते ४० अंशांच्या आसपास अख्खा पंधरवडा काढलेल्या बाटलीत ते टिकत नाही.

आता आपला मुलूख डोळ्यांसमोर आणा. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, हवा त्यातल्या त्यात नरम. पण अथणीपासून विजापूर, जतकडे एप्रिलमध्ये पारा ४० वर जातो. पत्र्याखालचे गोदाम, ताडपत्रीखाली दिवसभर उभा राहिलेला टेम्पो, दुकानाच्या दर्शनी फळीवर पश्चिमेचे ऊन खाणारी बाटली, या सगळ्या ठिकाणी वाइनची उष्णता-चाचणी आपोआप होते. ती आपण वाइनरीत करायची की दुकानदाराच्या फळीवर होऊ द्यायची, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो.

लाल वाइनमध्ये ही अडचण सहसा येत नाही, कारण सालीतले टॅनिन ही प्रथिने किण्वनातच पकडून खाली नेते. त्रास पांढऱ्या आणि गुलाबी वाइनचा.

बेंटोनाइट ही ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली चिकणमाती. तिच्यातले मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. अथणी-रायबागकडच्या काळ्या रानातही याच घराण्यातली खनिजे आहेत. म्हणून ते रान पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून फाटते. या खनिजाचे अतिशय पातळ पापुद्रे असतात. पाणी मध्ये शिरले की ते एकमेकांपासून सुटतात आणि एक ग्रॅम मातीत शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग मोकळा होतो. त्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. वाइनचा पीएच साधारण ३ ते ३.८, आणि त्या आम्लात ही प्रथिने धन भार घेऊन फिरतात. दोघे एकमेकांना ओढतात, चिकटतात आणि मिळून तळाला बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हा जे घडते त्याचीच ही उलटी बाजू आहे: तिथे तुरटीतला धन भार मातीला खाली बसवतो, इथे माती धन भाराच्या प्रथिनांना घेऊन बसते. वाइनसाठी हा उपाय १९३४ साली कॅलिफोर्नियात सेवेल यांनी मांडला. इतक्या वर्षांत त्याला स्वस्त आणि भरवशाचा पर्याय फारसा उभा राहिलेला नाही.

माती कोणती आणि ती भिजवायची कशी

बेळगावात बेंटोनाइट हे नाव वाइनमुळे नव्हे, फौंड्रीमुळे माहीत आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या फौंड्र्यांत साच्याच्या वाळूला चिकटपणा यावा म्हणून हीच माती वापरतात. बोअर मारणारे वापरतात, अर्थिंगचे खड्डे भरणारे वापरतात. देशात कच्छ आणि बाडमेरकडे तिच्या खाणी आहेत, त्यामुळे पोते स्वस्त आणि सहज मिळते. ते पोते वाइनरीच्या दारातही येऊ देऊ नका. फौंड्रीच्या किंवा अर्थिंगच्या मातीत खर असते, लोह आणि इतर धातू वाइनमध्ये उतरू शकतात, सोडा मिसळलेला असू शकतो. लोह उतरले तर त्याचा वेगळाच गढूळपणा मागे लागतो. वाइनसाठी म्हणून विकली जाणारी, खाद्य दर्जाची माती महाग वाटते. पण १००० लिटरला ती लागते किलोच्या आसपास. तिथे काटकसर करण्यात काहीच अर्थ नाही.

खाद्य दर्जातही दोन जाती येतात. सोडियमची माती खूप फुगते, प्रथिने जास्त पकडते, पण तिचा साका सैल आणि जाड बसतो. कॅल्शियमची माती कमी फुगते, जास्त घालावी लागते, साका मात्र घट्ट बसतो. दोन्ही चालतात. चालत नाही ते म्हणजे चाचणी एका पोत्यातल्या मातीवर करायची आणि टाकीत दुसऱ्या पोत्यातली घालायची.

पोते ठेवायच्या जागेबद्दल एक शब्द. ही माती वास आणि दमट हवा दोन्ही ओढून घेते. खानापूरकडच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, त्या ओलीजवळ किंवा डिझेल, फिनेल, औषधफवारणीचे डबे असतात त्याच खोलीत उघडे पोते राहिले, तर तो कुबट वास थेट वाइनमध्ये उतरतो. झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा.

भिजवण्यात सर्वांत जास्त चुका होतात. कोरडी माती थेट टाकीवर भुरभुरवली तर ती फुगत नाही. अल्कोहोल आणि आम्लात पापुद्रे सुटतच नाहीत, गुठळ्या होऊन खाली जातात. त्या गुठळ्यांच्या आतली माती कधी वाइनला भेटतच नाही. योग्य पद्धत अशी: ६० अंशांच्या आसपास तापवलेले पाणी सतत ढवळत राहायचे आणि त्यात माती चिमटी-चिमटीने सोडायची. पाण्यावर माती, मातीवर पाणी नाही. ५० ग्रॅम मातीचा १ लिटर काला झाला की तो ५ टक्क्यांचा. तो रात्रभर, शक्यतो पूर्ण २४ तास भिजू द्यायचा आणि वापरायच्या आधी पुन्हा जोरात ढवळायचा. चांगला भिजलेला काला गुळगुळीत, एकजीव असतो; बोटांत चोळला तर कण लागत नाहीत.

अथणी, रायबागकडच्या वाइनऱ्यांना इथे खास सांगावेसे वाटते: बोअरचे पाणी वापरू नका. त्या पट्ट्यातले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि खारे असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मातीतल्या सोडियमची जागा घेतात, आणि भारी किमतीची सोडियम माती फुगायचीच थांबते. एकाच पोत्यातली माती एका वाइनरीत काम करते आणि दुसरीत करत नाही, याचे कारण पुष्कळदा या पाण्यात असते. आरओचे पाणी घ्या. थोडेच लागते.

बाटल्यांवरची चाचणी

आता मुख्य काम. त्या टाकीतली वाइन घ्या, काही दिवस आधीची नव्हे. १०० मिलीच्या ६ बाटल्या भरा. ५ टक्क्यांच्या काल्याची १ मिली म्हणजे ०.०५ ग्रॅम माती. १०० मिली वाइनमध्ये ती घातली की लिटरला ०.५ ग्रॅम होते. त्या हिशोबाने पहिल्या बाटलीत काहीच घालू नका, मग क्रमाने ०.४, ०.८, १.२, १.६ आणि २ मिली काला घाला. म्हणजे लिटरला ०.२ पासून १ ग्रॅमपर्यंतचे डोस झाले. औषधाच्या दुकानातली २ मिलीची सिरिंज यासाठी उत्तम. प्रत्येक बाटली नीट हलवा. प्रथिने मातीला चिकटतात ती काही मिनिटांतच. पुढचा वेळ फक्त खाली बसायला लागतो.

साका बसल्यावर वरची निवळ ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून घ्या. ही पायरी वगळली की चाचणी निरुपयोगी होते, कारण वर तरंगणारी माती आणि प्रथिनांचे धुके यांत डोळ्यांना फरक कळत नाही. गाळलेल्या प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक भाग घट्ट झाकणाच्या काचेच्या नळीत भरून ८० अंशांच्या पाण्यात २ तास ठेवा, दुसरा तसाच बाजूला. तापवलेला भाग खोलीच्या तापमानाला यायला पुरेसा वेळ द्या. गरम असताना बघू नका, धुके निवताना वाढते. मग दोन्ही भागांचा गढूळपणा मोजा. फरक २ एनटीयूपेक्षा (गढूळपणा मोजायचे एकक) कमी असेल तर ती वाइन टिकाऊ मानतात.

गढूळपणा मोजायचे यंत्र नसेल तर अंधाऱ्या खोलीत दोन्ही नळ्या शेजारी धरून एका बाजूने बारीक टॉर्च मारा. तापवलेल्या नळीत उजेडाची वाट न तापवलेल्यापेक्षा ठळक दिसली, तर प्रथिने शिल्लक आहेत. डोळा यंत्राएवढा तिखट नसतो, म्हणून मोठा लॉट बाटलीत जाण्याआधी एकदा तरी यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत नमुना पाठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही जण नमुना पाच मिनिटे उकळून बघतात. झाकण उघडे असेल तर अल्कोहोल उडून जाते, झाकण घट्ट असेल तर नळी फुटायची भीती, आणि एका वर्षीच्या उकळण्याची दुसऱ्या वर्षीच्या उकळण्याशी तुलना होत नाही. तापमान आणि वेळ ठरलेला असेल तरच आकड्याला किंमत आहे. पाण्याचे भांडे, थर्मामीटर आणि घड्याळ एवढ्यावर हे होते.

समजा ०.४ ग्रॅमला किंचित धुके राहिले आणि ०.६ ला स्वच्छ निघाले. मग डोस ०.६ चा. "सेफ्टीला" म्हणून १ ग्रॅम घालायचा मोह टाळा. माती फक्त त्रास देणारी प्रथिने उचलत नाही. जास्तीची माती वाइनचा सुगंध आणि अंगही घेऊन जाते, आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत पिकलेल्या द्राक्षांत सुगंध आधीच मोजका असतो. उलट १ ग्रॅमलाही धुके राहिले, तर डोस वाढवत बसण्याआधी काला नीट भिजला होता का ते तपासा. मगच वरचे डोस करून बघा.

२००० लिटरच्या टाकीला ०.६ ग्रॅमने १२०० ग्रॅम माती लागते, म्हणजे २४ लिटर काला. त्या काल्याबरोबर वाइनमध्ये १ टक्क्याहून थोडे जास्त पाणी जाते. डोस गरजेपुरताच ठेवायचे हे आणखी एक कारण.

टाकीत घालताना पंपाने वाइन फिरती ठेवा आणि काला बारीक धारेने, सलग ढवळत, फिरत्या वाइनमध्ये सोडा. वरून बादलीभर ओतला तर अर्ध्या वाइनला माती भेटत नाही. टाकी थंड ठेवलेली असेल आणि चाचणी खोलीच्या तापमानावर केली असेल तर तेही लक्षात घ्या. थंडीत माती थोडी कमी पकडते. मग आठवडा-दोन आठवडे बसू द्या आणि वरची वाइन साक्यावरून काढून घ्या.

साक्यात वाइन अडकते. ३ ते १० टक्के नुकसान धरून चालावे. २००० लिटरच्या टाकीत ते ६० ते २०० लिटर होते. माती बसत असतानाच टाकी थंड करून टार्टरेटचे स्फटिक पाडले, तर त्यांच्या वजनाने साका दाबून बसतो आणि नुकसान कमी होते. छोट्या वाइनरीला हे जमवून घेणे फायद्याचे.

सगळे बरोबर केले, तरी परत का येते?

या प्रश्नासाठीच हे सगळे लिहायला घेतले. चाचणी झाली, डोस बरोबर निघाला, माती नीट घातली, आणि तरीही पुढच्या एप्रिलमध्ये धुके. अशा वेळी माती घातल्यानंतर आणि बाटली भरण्याआधी त्या वाइनचे काय काय झाले, ते तारखेवार लिहून काढा. उत्तर जवळजवळ नेहमी त्या मधल्या काळात असते.

पहिला संशय पीएचचा. पीएच बदलला की प्रथिनांवरचा भार बदलतो. पीएच चढा असेल तर त्याच प्रथिनांसाठी जास्त माती लागते. आपल्या पट्ट्यातल्या द्राक्षांत आम्ल कमी आणि पीएच चढा असतो, त्यामुळे टार्टारिक आम्ल घालणे हे नेहमीचे काम. ते माती घालण्याआधी करायचे की नंतर, याचा नियम कोणी पाळत नाही. शिवाय थंड करून टार्टरेट पाडले की पीएच पुन्हा सरकतो: तो सुमारे ३.६ च्या खाली असेल तर आणखी उतरतो, वर असेल तर आणखी चढतो. ज्या वाइनवर चाचणी केली होती ती वाइन आता राहिलेलीच नसते. म्हणून आम्ल आधी बसवा, मग मातीची चाचणी, आणि थंड करून झाल्यावर तापवून बघायची चाचणी पुन्हा एकदा.

दुसरा संशय मिसळणीचा. दोन टाक्या वेगवेगळ्या तपासल्या, दोन्ही स्वच्छ. एकत्र केल्या आणि गढूळ. लोकांना हे पटत नाही, पण कारण सरळ आहे. एका वाइनमध्ये थोडी प्रथिने उरलेली असतात, पण त्यांना एकत्र गोळा करणारे सल्फेट किंवा पॉलिफेनॉल तिच्यात पुरेसे नसतात. दुसरीत ते भरपूर असतात, पण प्रथिने नसतात. दोघी भेटल्या की काम पूर्ण होते. मिसळण झाल्यावर, मिसळलेल्या वाइनवरच चाचणी करा. गुलाबी वाइनचा रंग वाढवायला थोडी लाल वाइन घालतात तिथे तर हे हमखास होते, कारण लाल वाइन टॅनिन घेऊन येते.

तिसरा संशय नंतर घातलेल्या पदार्थांचा. चव भरायला घातलेले टॅनिन, ओकच्या चिप्स, आणि अलीकडे स्फटिक रोखण्यासाठी वापरतात ते सीएमसी. सीएमसी म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. वाइनमध्ये प्रथिने उरलेली असतील तर ते त्यांच्याशी जुळून गढूळपणा करते, कधी कधी ऊन लागायचीही वाट बघत नाही. ते घालायचे असेल तर प्रथिनांचा हिशोब पूर्ण मिटल्यावरच. टॅनिन घालायचे असेल तर मातीच्या चाचणीआधी घाला, म्हणजे त्याच्याशी जे जुळायचे ते टाकीतच जुळेल.

आणि चौथी गोष्ट, जी मी प्रत्येक वाइनरीत आवर्जून विचारतो: टाकीत माती घालून झाल्यावर टाकीतून नमुना काढून तापवून बघितला का? बाटल्यांवरची चाचणी डोस सांगते; टाकीत तो डोस पोचला की नाही हे फक्त टाकीचा नमुना सांगतो. पंप मध्येच बंद पडला, वीज गेली, काला कमी भिजला, यातले काहीही झाले असले तरी हा नमुना ते दाखवतो. हे २ तासांचे काम वगळल्यामुळे अख्खे लॉट परत आलेले पाहिले आहेत.

एन्झाइमचे काय

एन्झाइम हीही प्रथिनेच, त्यामुळे माती त्यांनाही पकडते. याचा फायदा आणि तोटा दोन्ही आहेत.

तोटा असा की रस निवळायला पेक्टिनेज (फळातला जेली जमवणारा पदार्थ, म्हणजे पेक्टिन, तोडणारे एन्झाइम) घातले आणि त्याच दिवशी माती घातली, तर माती ते एन्झाइम घेऊन खाली बसते आणि पेक्टिन तसेच राहते. आधी एन्झाइमला त्याचे काम करू द्या, मग माती. पेक्टिनवर स्वतः मातीचा काहीच उपयोग नाही, कारण त्यावरही ऋण भारच असतो. खानापूर, चंदगडकडे काजूच्या बोंडांपासून, जांभळापासून किंवा आंब्यापासून वाइन करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्यांचा गढूळपणा बऱ्याचदा पेक्टिनचा असतो, आणि ते त्यावर माती घालून घालून वाइन पातळ करून टाकतात. आम्ल मिसळलेल्या शुद्ध अल्कोहोलमध्ये थोडी वाइन घालून बघा. जेलीसारख्या गाठी-तंतू सुटले तर ते पेक्टिन आहे, त्याला पेक्टिनेजच हवे.

फायदा असा की अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेले लायसोझाइम कोणी जिवाणू रोखण्यासाठी वापरले असेल, तर ते वाइनमध्ये राहून गढूळपणा करते, आणि माती ते काढून टाकते. रस तपकिरी करणारे द्राक्षातले टायरोसिनेजही माती काही प्रमाणात कमी करते. पण अवकाळी पावसात घड कुजले आणि करड्या बुरशीचे लॅकेज हे रस तपकिरी करणारे एन्झाइम रसात आले, तर मातीवर भिस्त ठेवू नका. लॅकेज मातीला दाद देत नाही, सल्फर डायऑक्साइडलाही फारशी देत नाही. तिथे कुजके घड तोडणीच्या वेळीच वेगळे काढणे हाच उपाय.

प्रथिने तोडणारे एखादे एन्झाइम घालून मातीच टाळता येईल का, असे बरेच जण विचारतात. साधी प्रथिनभंजक एन्झाइम या दोन गटांपुढे हात टेकतात, कारण घडी घातलेल्या अवस्थेत ही प्रथिने त्यांना आत शिरू देत नाहीत. रस सुमारे ७५ अंशांवर मिनिटभर तापवून प्रथिनांची घडी उलगडायची आणि त्याच वेळी उष्णतेत टिकणारे खास एन्झाइम त्यांना तोडते, अशी पद्धत ऑस्ट्रेलियात विकसित झाली आहे. ती चांगली आहे, पण तिला क्षणात तापवून क्षणात थंड करणारे यंत्र लागते. आपल्याकडच्या छोट्या वाइनरीला आज तरी मातीच परवडते.

मळ्यापासून कमी कसे करता येईल

थोडक्यात: पिकत जाताना साखरेबरोबर ही प्रथिनेही वाढतात. पाण्याचा ताण बसून मणी बारीक राहिले की रसात त्यांचे प्रमाण चढे येते. अथणी-तिकोट्याच्या कोरड्या वर्षात माती जास्त लागते ती यामुळे. फुटलेले मणी रसात भिजत लांबचा प्रवास करतात तेव्हा सालीतली प्रथिनेही रसात उतरतात. अथणीकडून बेळगावला येणारा माल १०० किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. तो उथळ क्रेटमध्ये, अख्ख्या घडांत, रात्रीच्या गारव्यात आणला तर फरक पडतो. किण्वनाच्या वेळीच माती घालण्याची पद्धतही चालते. तिच्यात यीस्टचा आणि मातीचा साका एकत्र निघतो, नुकसान वाचते. पण माती यीस्टचे थोडे पोषणही घेऊन बसते, म्हणून यीस्टचे खाद्य नीट द्यावे लागते आणि शेवटची चाचणी चुकत नाहीच.

बाटल्या आधीच गढूळ झाल्या असतील तर

नुसत्या गाळून पुन्हा भरू नका. गाळणी तयार झालेले धुके काढते. अजून विरघळलेली प्रथिने तिच्यातून सहज पार होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच लॉट दुसऱ्यांदा परत येतो. बाटल्या उघडून, हवा कमीत कमी लागेल अशा बेताने निष्क्रिय वायूच्या आवरणाखाली टाकीत रिकाम्या करा. सल्फर डायऑक्साइड मोजून भरून घ्या. मग वरची सगळी चाचणी पहिल्यापासून करा. डोस बहुतेक वेळा आधीपेक्षा कमी निघतो, कारण बरीच प्रथिने धुक्याच्या रूपाने बाहेर पडलेलीच असतात. माती, बसणे, गाळणे, टाकीच्या नमुन्याची तापवून चाचणी, आणि मगच बाटली.

लॉट लहान असेल आणि हा खर्च परवडत नसेल, तर उरलेल्या स्वच्छ बाटल्या ताबडतोब गार जागी हलवा आणि ऊन वाढायच्या आत खपवा. दुकानदाराला खरे कारण सांगा. वाइन खराब नाही, पण तापली की गढूळ दिसेल, हे त्याला माहीत असायला हवे.

पुढच्या लॉटपासून वहीत एवढे लिहून ठेवा: टाकीचा नंबर, चाचणीच्या दिवशीचा पीएच, मातीच्या पोत्याचा बॅच नंबर, काला कोणत्या पाण्यात भिजवला, डोस, टाकीतल्या नमुन्याचा तापवण्याआधीचा आणि नंतरचा आकडा, आणि त्यानंतर वाइनमध्ये जे जे घातले त्याची तारीख. प्रत्येक लॉटच्या दोन बाटल्या वाइनरीतल्याच सर्वांत उष्ण खोलीत, पत्र्याखाली उभ्या ठेवा आणि फेब्रुवारीपासून दर आठवड्याला टॉर्च मारून बघा. त्यांच्यात धुके दिसू लागले, तर माल दुकानात तापायच्या आत परत बोलावता येतो.